४०७ ‘मर्सिडीजची’ म्हणून पन्नास हजार जास्त मागणाऱ्यांसाठी



खरं तर आज तुरीवर लिहायचं होतं. शेंगा भरायला लागल्यात, गडाच्या बाजूच्या तुकड्यात अळी दिसतेय, कामगंध सापळ्यात पतंग वाढलेत. ते उद्या. आज गाडीवर लिहितो. परवा एका जुन्या ४०७ पायी माझ्या पुतण्याचे पन्नास हजार जाता जाता राहिले. ज्या आवईमुळं ते जाणार होते ती मी वीस वर्षं पारावर ऐकतोय. लपवून काय करू, मधली काही वर्षं मीही ती पुढं सांगितलीय.

आवई अशी, की टाटाची ४०७ मूळची मर्सिडीजची. जर्मनीत ४०७ याच नावाची गाडी होती, टाटानं बिल्ला काढून आपला लावला. काही जण ‘करार करून घेतली’ म्हणतात, काही सरळ ‘चोरली’ म्हणतात. आता मोबाईलवर दोन गाड्यांचे फोटो शेजारी शेजारी लावून ‘बघा पुरावा’ असंही फिरतंय.

पुतण्याला गाडी घ्यायचीय. घरचा कापूस, गावातल्या चार जणांचा कांदा, बीडच्या मोंढ्यावरची भाडी, आणि आषाढीला नारायणगडाच्या पालखीबरोबर दिंडीचं सामान. एवढं काम असलं की जुनी ४०७ परवडते. दलालानं दोन गाड्या दाखवल्या. दोन्ही २००३ च्या. एक दोन लाख दहा, दुसरी दोन लाख साठ. फरक कशाचा विचारलं तर म्हणला, “दुसऱ्या गाडीत जुनं मर्सिडीज इंजिन हाय. असलं आता मिळत न्हाई.” पोरानं मला फोन केला, “तात्या, जर्मन इंजिन भेटतंय, पन्नास जास्त हायेत पण पुन्हा बघायला नको.” मी म्हणलं, इसार देऊ नको. आधी आरसी बुकाचा फोटो पाठव.

फोटोत काय निघालं ते सांगतोच. आधी ही आवई एवढी टिकली कशी ते बघू, कारण ती निव्वळ थाप असती तर कधीच मेली असती. तिच्यात खऱ्याचे तीन दाणे आहेत आणि त्यांच्या जिवावर सगळं तण वाढलंय.

पहिला दाणा म्हणजे करार. टाटांची टेल्को १९४५ ला जमशेदपुरात सुरू झाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. ट्रक आले १९५४ ला, जर्मनीच्या डाईमलर-बेंझशी पंधरा वर्षांचा करार करून. ट्रकवर ‘टाटा मर्सिडीज-बेंझ’ असं नाव आणि पुढं तीन टोकांचा तारा. आमच्या आधीच्या पिढीनं तोच ट्रक बघितला, म्हणून कितीतरी म्हातारी माणसं टाटाच्या कुठल्याही ट्रकला अजून ‘मर्सिडीज’ म्हणतात. १९६९ ला करार संपला, तारा उतरला आणि टाटाचा टी आला. ४०७ बाजारात आली १९८६ ला. मधी सतरा वर्षं गेली. सतरा वर्षांत आपल्याकडं कापसाच्या किती जाती आल्या आणि गेल्या ते आठवा.

दुसरा दाणा नावाचा. मर्सिडीजची ४०७ खरंच होती. १९७७ पासून त्यांची एक व्हॅन निघाली, त्या घराण्यात २०७, ३०७, ४०७ असे आकडे होते. फोटोत दाखवतात ती हीच.

तिसरा दाणा दिसण्याचा. दोन्ही गाड्यांचं नाक थोडं पुढं आलेलं आहे. ट्रॅक्टरसारखं लांब नाही आणि बसच्या तोंडासारखं चपटंही नाही.

करार होता, आकडा तोच, तोंड थोडंफार तसंच. झालं पारावरचं पंचनामा करून! पण शेतात दोन झाडांची पानं सारखी दिसली म्हणून आपण जात एक म्हणतो का? मूळ उपटून बघतो, बोंड फोडून बघतो. गाडीचंही तसंच बघू.

आकड्याचं आधी. ४०७ हा गाडीचा मोबाईल नंबर नव्हे. पहिला आकडा वजनाचा गट सांगतो, साधारण टनात. शेवटचे दोन आकडे ताकद सांगतात, दहाच्या पटीत. ४ म्हणजे चार टनाच्या आसपासचा गट, ०७ म्हणजे सत्तरच्या आसपास अश्वशक्ती. टाटाचा जुना १२१० घ्या, बारा टन आणि शंभर अश्वशक्ती. १६१३ म्हणजे सोळा टन, एकशेतीस. ७०९, ९०९, ११०९ सगळ्यांचं कुळ तेच. ही नाव ठेवायची रीत डाईमलरची आणि टाटानं ती कराराच्या काळात उचलली, हे शंभर टक्के खरं. मग दोघांनी चार टनाची सत्तर अश्वशक्तीची गाडी काढली तर दोघांच्या हिशोबात आकडा कोणता येणार? दोन गावांत दोन शेतकऱ्यांनी आपापल्या जमिनीला ‘चार एकराचा पट्टा’ म्हणलं, तर सातबारा एक होत नाही.

आता इंजिन. हा भाग जरा सावकाश वाचा, कारण पैसे इथं वाचतात.

जुन्या ४०७ मधल्या इंजिनाला मिस्त्री लोक ‘चारशे सत्त्याण्णव’ म्हणतात. त्या ४९७ चाही अर्थ आहे. चार सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर. पिस्टनची धाव म्हणजे स्ट्रोक १०० मिलिमीटर. गोल विहिरीतलं पाणी आपण जसं काढतो तसंच हे काढायचं. व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५४ गुणिले खोली. ९.७ सेंटिमीटरचा वर्ग ९४.०९. त्याला ०.७८५४ नं गुणलं की ७३.९. गुणिले दहा सेंटिमीटर, गुणिले चार विहिरी. उत्तर २९५६ सीसी. आरसी बुकात क्युबिक कपॅसिटीचा रकाना असतो, तिथं हाच आकडा लिहिलेला असतो.

मर्सिडीजच्या त्या ४०७ व्हॅनमधलं डिझेल इंजिन होतं ओएम ६१६. तेही चार सिलिंडरचं, पण २.४ लिटरचं, बोअर ९१ मिलिमीटरच्या आसपास. ४९७ चा पिस्टन त्यात जाणार नाही आणि त्याचा पिस्टन ४९७ मध्ये घातला तर डब्यात वाटाणा हलावा तसा हलेल. दोन इंजिनांमध्ये अर्ध्या लिटरहून जास्त फरक आहे. एवढ्या फरकाला ‘बिल्ला बदलला’ म्हणत नाहीत.

इथं खरी गंमत आहे, आणि ती कळली तेव्हा मी एकटाच गोठ्यात हसत बसलो होतो. मर्सिडीजच्या त्या व्हॅनचं घराणं आपल्याकडं आलंय. आपण रोज त्यात बसतो. पण ते टाटाच्या दारात आलं नाही. १९८७ ला बजाज टेम्पोनं ‘ट्रॅव्हलर’ काढली, ती त्याच व्हॅनवरून, रीतसर. आणि ओएम ६१६ इंजिनही याच कंपनीनं परवाना घेऊन बनवलं. ते मॅटॅडोरमध्ये बसलं, ट्रॅक्समध्ये बसलं. लग्नाचं वऱ्हाड, शिर्डीची ट्रिप, दवाखान्याची ॲम्ब्युलन्स, सगळीकडं जी ट्रॅव्हलर पळते ती खरी ‘जर्मन ४०७’ ची बहीण. तिला कुणी मर्सिडीज म्हणत नाही. आणि जिचा संबंध नाही तिच्या अंगावर जर्मन झूल टाकून पन्नास हजार मागतात.

आणि ‘टेम्पो’ हा शब्द तरी कुणाचा? आपल्या आजीला विचारलं तर ती म्हणेल मराठीच. तो जर्मन कंपनीचा छाप. हँबुर्गजवळच्या विडाल अँड झोनच्या गाड्या टेम्पो नावानं निघायच्या. शेजारच्या नगरचे नवलमल फिरोदिया, स्वातंत्र्यलढ्यातले माणूस, त्यांनी १९५८ ला त्यांच्याशी करार करून इथं तीनचाकी सुरू केली. तिचं नाव पुढं भाड्याच्या सगळ्या छोट्या गाड्यांना चिकटलं, आता ४०७ लाही टेम्पोच म्हणतात. जिथं परदेशी मूळ खरं, लिखापढीत, तिथं कुणाला आवई उठवावीशी वाटली नाही. असो.

मग ४०७ आली कुठून? ती आली जपान्यांच्या धाकातून. १९८० नंतरच्या पाच-सहा वर्षांत सरकारनं हलक्या मालवाहू गाड्यांसाठी जपानी भागीदाऱ्यांना मंजुरी दिली. डीसीएम-टोयोटा, ऑल्विन-निस्सान, स्वराज-माझदा, आयशर-मित्सुबिशी, अशा चार जोड्या एकदम आखाड्यात उतरल्या. गाड्या चपट्या तोंडाच्या, हलक्या, दिसायला नव्या. टाटाकडं तेव्हा मोठे ट्रक होते, पण या मापाची गाडी नव्हती. कंपनीचे प्रमुख होते सुमंत मुळगावकर. (टाटा सुमोतला ‘सु’ आणि ‘मो’ त्यांच्याच नावातला.) पुण्यात १९६६ पासून कंपनीचं स्वतःचं संशोधन केंद्र होतं. त्यांनी पाचवा जपानी न शोधता पुण्यातच गाडी बांधली.

जिंकली का, याचं उत्तर लोक ‘देशभक्ती’ असं देतात. मला ते पटत नाही. देशभक्तीनं कुणी हप्ता भरत नाही. दोन कारणं मला दिसतात. एक पैशाचं. सप्टेंबर १९८५ नंतर जपानचा येन झपाट्यानं महागला आणि ज्यांचे सुटे भाग तिकडून यायचे त्यांचं गणित बसेना. ४०७ चे भाग इथले होते. दुसरं कारण आपल्या रस्त्याचं. शिडीसारखी जाड चासी, पाट्यांचे स्प्रिंग, मागं जोड टायर, आणि गावच्या मिस्त्रीला उघडता येईल असं इंजिन. कागदावरचं वजन सोडा, आपण तिच्यावर काय काय लादलंय ते तिलाच माहीत. माझ्या लहानपणी ऊसतोडीला निघालेल्या घरांचं बिऱ्हाड ट्रकमधून जायचं, पुढं पुढं एकदोन घरं असली की ४०७ यायला लागली. कोपी, भांडी, शेळी, पोरं, वर बसलेली म्हातारी. ती गाडी कुठल्या घाटात बसली तर पाच-सहा गावांत तरी तिचा वायसर, तिची पट्टी, तिचा जाणकार सापडायचा. चार जपानी जोड्यांचं पुढं काय झालं? ऑल्विन-निस्सान महिंद्रात गेली, डीसीएम-टोयोटाची डीसीएम-देवू झाली. आयशर आणि स्वराज टिकल्या, पण जुनं जपानी जोडनाव तसं राहिलं नाही. ४०७ आजही निघते.

इथपर्यंत वाचून काही मंडळी टाळ्या वाजवतील. ‘बघा, शंभर टक्के स्वदेशी, गोऱ्यांचा हात नाही!’ थांबा. तुमचीही आवईच आहे.

९७ मिलिमीटर हा आकडा परत बघा. टाटाच्या मोठ्या ट्रकात ६९७ नावाचं इंजिन होतं, म्हणजे सहा सिलिंडर, ९७ बोअर, १२८ मिलिमीटर स्ट्रोक. विहिरीचा हिशोब लावा, ५६७५ सीसी येतात. डाईमलरचं ओएम ३५२ इंजिन काढून बघा. सहा सिलिंडर, ९७ बोअर, १२८ स्ट्रोक, ५६७५ सीसी. तंतोतंत. तो योगायोग नाही, ते इंजिन जर्मन मुळाचंच. आणि ४०७ च्या चार सिलिंडरला तीच ९७ ची मापं लागली, स्ट्रोक मात्र तोकडा करून १०० ठेवला. म्हणजे बोअरमध्ये जुन्या उस्तादाची शिकवण दिसते. ज्यांच्या हाताखाली पंधरा वर्षं काढली त्यांचं माप हातात बसतं, सुतारात, गवंड्यात, कीर्तनकारात बसतं तसं. हे मान्य करायला लाज कसली?

आणि चोरीचा मुद्दा तर अगदीच पोकळ. ज्याच्या घरात चोरी झाली तो चोराच्या घरी राहायला येतो का? करार १९६९ ला संपला तरी डाईमलरचा हिस्सा टाटाच्या कंपनीत राहिला, तो त्यांनी विकला थेट २०१० ला. आणि १९९४ ला मर्सिडीज भारतात मोटारी बनवायला आली ती कुणाचा हात धरून? टेल्कोचाच, आणि पुण्यातच. तेव्हा ४०७ रस्त्यावर येऊन आठ वर्षं झाली होती आणि जर्मन साहेब तिच्याच मागून कारखान्यात जात असणार.

आमच्यातले कृषी पदवीधर मित्र हे वाचून म्हणतील, तात्या आज गाड्यांत शिरले. बियाण्याचंही हेच आहे. कापसावर बोलणं निघालं की दहातले आठ जण म्हणतात, ‘सगळं बियाणं अमेरिकेचं’. बीटीचा जनुक तिकडचा, खरं आहे, २००२ पासून आपल्याकडं आहे. पण कापसाचा संकर करून ते बियाणं शेतकऱ्याच्या शेतावर व्यापारी पद्धतीनं न्यायचं, हे जगात पहिल्यांदा झालं १९७० ला सुरतेत. डॉ. सी. टी. पटेल यांचा एच-४. ज्या संकरित वाणात तो जनुक बसवला, ते संकराचं तंत्र इथल्या मातीतलं. ९७ ची बोअर त्यांची आणि चासी आपली, असाच मामला. हे कृषी शाळेत शिकलेल्या किती जणांनी आपल्या गावात सांगितलं? मी तरी ते एका निवृत्त पर्यवेक्षकाकडून पन्नाशीत ऐकलं.

न सांगितल्याचा तोटा रोकडा असतो. तीन वर्षांपूर्वी मीच एका दुकानातून ‘इस्रायल तंत्रज्ञान’ लिहिलेली बाटली घेतली. लिटरला सोळाशे. ठिबक इस्रायलहून आलं हे खरं, म्हणून त्या देशाच्या नावाला आपण मान देतो, आणि तोच मान कुणीतरी बाटलीला चिकटवला. बाटलीवर घटक लिहिलेले नव्हते, नोंदणी क्रमांक नव्हता, निळा तारा तेवढा मोठा छापलेला होता. फवारलेल्या सहा ओळी आणि न फवारलेल्या सहा ओळी, मी बोंडं मोजली. फरक शून्य. मला ‘घटक काय’ विचारायचं सुचलं नाही, कारण ‘कुठला’ या प्रश्नाचं उत्तर लेबलवर मोठ्या अक्षरात आधीच दिलेलं होतं. दलालानं पुतण्याला तेच केलं. ताऱ्याऐवजी नुसता तीन टोकांचा तारा.

तर आरसी बुक. दोन्ही गाड्यांचे फोटो आले. दोन्हींवर क्युबिक कपॅसिटी २९५६. महागडी गाडी आणि स्वस्त गाडी, इंजिन एकच, ४९७. पुतण्याला म्हणलं, दलालाला एवढंच विचार की मर्सिडीजचं असेल तर चोवीसशेच्या आसपास आकडा पाहिजे, मग इथं एकोणतीसशे छप्पन्न कसे? दलाल म्हणे हसला आणि म्हणला, “तुमचे तात्या आरटीओत हायेत का?”

मग मिस्त्रीला घेऊन गेलो. इंजिन गार असताना सुरू करून घेतलं. महाग गाडीचा ब्रीदर काढला तर धूर भकाभका, म्हणजे रिंगा गेलेल्या. स्वस्त गाडीचा धूर बरा, पण मागची मुख्य पाटी तुटून वेल्डिंग केलेली आणि चासीला डाव्या बाजूला गंज. फिटनेसची तारीख स्वस्त गाडीची पुढं होती, महागडीची संपत आलेली. गाडीचं खरं वय या गोष्टीत कळतं. जर्मनी-जपान विचारत बसलो असतो तर ब्रीदर बघायचा राहिला असता.

स्वस्त गाडी एक लाख ब्याण्णववर तुटली. पाटी आणि चासीचं काम धरून वर अठरा हजार लागले. काल संध्याकाळी तिच्यातून पहिला खेप कापूस गेला, गडाच्या उतारावर ब्रेकचा थोडा आवाज येतोय. मिस्त्री म्हणतो लायनर आहेत, सोमवारी बघू.

तुरीचं उद्या टाकतो. सापळ्यात सलग तीन दिवस आठ-दहा पतंग दिसत असतील तर तोवर थांबू नका, निंबोळी अर्क मारून घ्या.